आमचा मीटर हलतो

माणसाच्या घरात त्याच्या स्वतःच्या मालकीचे असे फार थोडे असते. देवघरातले देव कुळाचे, कपाटातली निम्मी पुस्तके मित्रांची, गॅसचे सिलिंडर कंपनीचे आणि टीव्ही नातवाचा. हा सिद्धांत मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी सुचला. त्याला निमित्त झाले घराच्या दुरुस्तीचे, आणि दुरुस्तीत आडव्या आलेल्या विजेच्या मीटरचे.

आमचे घर माणला, म्हणजे मुळशी तालुक्यातल्या माणला. हिंजवडी सगळ्यांना ठाऊक असते, तिला लागूनच असलेले माण कुणाला ठाऊक नसते. हिंजवडीच्या म्हणून ज्या काचेच्या इमारती लोक सांगतात त्यांतल्या कितीतरी माणच्या जमिनीवर उभ्या आहेत. नाव हिंजवडीचे, जमीन माणची. पुढे २०१८च्या डिसेंबरात माण ते शिवाजीनगर अशा तेवीसेक किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन झाले, तेव्हा कुठे आमच्या गावाचे नाव फलकावर पहिले आले. पण ते असो. माझा विषय मेट्रो नाही, मीटर आहे. (एका अक्षराचा फरक, पण मेट्रोसाठी सरकार हलते आणि मीटरसाठी स्वतःला हलावे लागते.)

गावठाणातले आमचे घर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बांधलेले. ओसरी, माजघर, मागे पडवी. चिरंजीव त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत कामाला. त्यांनी एक दिवस जाहीर केले, "बाबा, ओसरीची भिंत काढू या. गाडी आत येईल." पूर्वी ओसरीवर माणसे यायची, आता गाडी येणार. मी होकार दिला. बासष्टाव्या वर्षी होकार द्यायला विचारच करावा लागत नाही.

भिंतीवरचे कॅलेंडर काढले, तात्यांची तसबीर काढली, खुंट्या काढल्या. उरला मीटर. मी लहान असताना तो घरात आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिले होते आणि तात्यांनी समोर नारळ फोडला होता. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ असे. काळ्या पेटीतली ती गोल चकती फिरताना पाहायला आम्ही पोरे जमायचो. ती जोरात फिरू लागली की तात्या आतल्या दिशेने ओरडायचे, "कोण इस्त्री करतंय?" पुढे चकतीचा मीटर जाऊन आकड्यांचा आला, त्याला लुकलुकणारा तांबडा दिवा आला, पण जागा तीच राहिली. मंडळाची कंपनी झाली तरी मीटर त्याच खिळ्यावर. राज्याचे वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या. घराघरांत याचा परिणाम एवढाच झाला, की "बोर्डाचा माणूस आलाय" म्हणणारी पिढी म्हातारी झाली.

मिस्त्रीने मीटरकडे पाहिले, तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाला, "सायेब, अर्ध्या तासाचं काम. फेज सोडायची, तिकडच्या भिंतीला जोडायची. चा पिऊन होईस्तवर मीटर तिकडं."

"आणि सील?"

"सीलला हातच नाय लावायचा. बोर्डासकट उचलायचा."

आता पाहा, मीटर हा प्रकार मोठा चमत्कारिक आहे. भिंत माझी, खिळा माझा, त्यावरची कोळिष्टकेसुद्धा माझी, पण मीटर त्यांचा. सांभाळायचा मी, हात लावायचा नाही मी. घरजावयासारखे. मीटरच्या अलीकडची तार माझी, पलीकडची त्यांची. २००३च्या वीज कायद्यातले १३८ वे कलम सांगते, की परवानगीवाचून मीटर जोडला किंवा सोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हे कलम मला चिरंजिवांनी त्यांच्या फोनवर वाचून दाखवले आणि दाखवून वर म्हणाले, "पण बाबा, तसं कुणी बघत नाही."

हिचे म्हणणे वेगळे. "आपण काय चोरी करतोय का? एक युनिट कमी का दाखवतोय तो? या भिंतीचा त्या भिंतीला न्यायचा. देवघर नाही का आपण हलवलं?"

प्रश्न बिनतोड होता. ज्यात कुणाचे काही जात नाही अशी गोष्ट, नुसती विचारली नाही एवढ्यासाठी, वाईट कशी ठरते? मी ओसरीवर येरझारा घातल्या (तेवढ्यासाठी तरी ओसरी असावी) आणि उत्तर शोधले. मीटर हा खरे तर मीटर नव्हेच, ती एक बोलणी आहे. विकणारा तिकडे, घेणारा इकडे, आणि माल असा, की डोळ्यांना दिसत नाही, तराजूत बसत नाही, परत करता येत नाही. एडिसनच्या मीटरांत जस्ताच्या पट्ट्या असत. महिन्याच्या महिन्याला माणूस यायचा, पट्टी काढून न्यायचा आणि तिचे वजन करून बिल करायचा. म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला एका सोनारावर विश्वास ठेवावा लागे. पुढे १८८९ साली ब्लाथी नावाच्या हंगेरियन इंजिनिअरने चकतीचा मीटर काढला आणि सोनार पेटीत जाऊन बसला. पण विश्वास तेवढाच लागतो. सील म्हणजे त्या विश्वासाला मारलेली गाठ. गाठ माझ्या घरात आहे आणि मी रात्रंदिवस तिच्यापाशी एकटा आहे, म्हणून तर ती पाळायची.

हे मी सर्वांना ऐकवले. मिस्त्री म्हणाला, "म्हणजी अर्ज करायचा म्हणा की." मी म्हणालो, "अर्ज करायचा." मला स्वतःविषयी जे वाटले ते लिहिण्यासारखे नाही. एवढेच सांगतो, की त्या रात्री मी जरा ताठ झोपलो.

अर्ज केला. चालू बिलाची प्रत, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, हलवण्याचा खर्च ग्राहकाचा, हे सारे मान्य. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "साहेब जागा बघून जातील." मी घरी येऊन मिस्त्रीला सांगितले, की साहेब येण्याआधी वायरिंग नीट करून ठेव. आणि इथे माझ्या ताठपणाला पहिला झटका बसला.

मिस्त्रीच्या वायरमनने जुना लाकडी बोर्ड उघडला, आत बोट घालून एक काळी तार बाहेर ओढली आणि विचारले, "काका, ही कुठं चालली?"

तार भिंतीतल्या भोकातून शेजारी चालली होती. आक्काच्या खोलीत.

मला ते ठाऊक नव्हते असे मी म्हणालो तर ते खोटे ठरेल, आणि ठाऊक होते असे म्हणालो तरी खरे ठरणार नाही. लहानपणी पाहिलेले होते. आक्काचे यजमान गेले तेव्हा दोन पोरी पदरात आणि घरात रॉकेलची चिमणी. तात्यांनी भिंतीला भोक पाडून तिला एका दिव्याची तार दिली. तेव्हापासून आक्काचा दिवा आमच्या मीटरवर. पुढे त्याची इतकी सवय झाली, की तो दिवा आमच्या डोळ्यांपुढून नाहीसाच झाला. उजेडाची हीच खोड, तो रोज असला म्हणजे दिसत नाही.

चिरंजिवांनी पुन्हा फोन काढला. कलम १२६. ज्या जागेसाठी वीज घेतली त्याखेरीज दुसऱ्या जागेत ती वापरली, तर तो अनधिकृत वापर आणि आकारणी दुपटीने. म्हणजे सीलला हात लावायचा नाही म्हणून ज्याने घरभर व्याख्यान दिले, तो गृहस्थ पंचेचाळीस वर्षे कायदा मोडत बसला होता. शिवाय मोडला होता तो चांगुलपणाने. चोरी नव्हे, युनिटन् युनिट मीटरमधून गेले होते, बिल आम्ही भरले होते. फसले कोण? कुणी नाही. आणि तरीही गुन्हा!

मिस्त्रीने तोडगा काढला. "आत्ता तोडून टाकू. भोकावर पिलास्टर. सायेब बघून गेले की पुन्ना जोडू. म्हातारीला सांगा दोन दिस बत्ती न्हाई म्हणून."

मला तो पटला! हे मी कबूल करतो. मेलेल्या माणसाच्या दयेपेक्षा जिवंत माणसाची अब्रू मोठी वाटते. मी आक्काकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"आक्का, दोन दिवस दिवा बंद ठेवावा लागेल. साहेब येणार आहे."

"साहेब यायचा तर दिवा लावायचा का विझवायचा?"

"तसं नाही. ती तार आमच्या मीटरवर आहे ना. तसं चालत नाही."

तिने हातातले खडे बाजूला ठेवले. "म्हंजे चोरी हाय व्हय?"

"चोरी नाही गं आक्का..."

"मंग दडवायची कशापाई?"

आता काय बोलणार! तिने मला हाताला धरून बाहेर नेले आणि तिच्या भिंतीच्या माथ्याकडे बोट केले. तिथे एक गंजका लोखंडी अँगल होता, त्याला चिनी मातीचा पांढरा कप, आणि त्यावरून आमच्या घराची सर्व्हिस वायर गेलेली.

"खांब लांब व्हता. तुझ्या घराला तार पोचंना. तात्या म्हनले, तुझ्या भिताडाला अँगल मारू का? मी म्हनलं मारा. मंग ते म्हनले, तुला एक बत्ती देतो. फुकाट कुनी न्हाई दिलं, न् फुकाट कुनी न्हाई घेतलं. आन मेथी काय तुला मी तशीच देते?"

मी वर पाहतच राहिलो. इतकी वर्षे आम्ही समजत होतो, की आमचा उजेड आक्काकडे जातो. प्रत्यक्षात आमच्या घरातला सगळा उजेड, पंखा, पंप, टीव्ही, चिरंजिवांचे रात्रीचे अमेरिकेशी बोलणे, हे सारे आक्काच्या भिंतीवरून लटकत येत होते. आम्ही तिचे उपकारकर्ते नव्हतो, फार तर भाडेकरू होतो. दर महिन्याची मेथी आणि दर सुगीचे पायलीभर आंबेमोहोर हिशेबात धरले तर थकबाकीदारच.

"आमच्या आजीचं घर बी असंच गेलं," आक्का आत जाताना म्हणाली. "पानी आमच्या गावात, न् बत्ती मुंबैला."

हे वाक्य सहज म्हटलेले, पण मुळशी तालुक्यात सहज म्हणण्यासारखे नाही. १९२१ साली टाटांच्या जलविद्युत धरणासाठी नीला-मुळेच्या खोऱ्यातली बावन्न गावे जाणार म्हणून रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, मावळे जमिनीवर आडवे पडले, आणि तरी धरण झाले. १९२७ साली ते पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला गेले, तिथे त्याची वीज झाली आणि ती मुंबईला गेली. ज्यांची आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्या झोपडीत त्या विजेचा दिवा लागला नाही. वीज मोजायला मीटर होता. तिच्यासाठी काय गेले ते मोजायला कुठल्याच भिंतीवर मीटर नव्हता. माझी ओसरीची एक भिंत जायची तर मी घरभर तत्त्वज्ञान करत होतो.

आणि आक्काला मी दोन दिवस अंधारात बसवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे चिरंजिवांहून लहान मुलगा, पाठीवर सॅक. कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली लिहून ठेवले आहे, की खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी खोटे बोलू नये. कान्टचे बरे होते, त्याच्या दारात नुसता खुनी होता. माझ्या दारात ज्युनिअर इंजिनिअर होता. त्याने मीटर पाहिला, सील पाहिले, नवी जागा पाहिली आणि शेवटी ती काळी तार पाहिली.

"काका, ही?"

मी तोंड उघडले. आत तीन उत्तरे तयार होती, पैकी दोन चिरंजिवांनी रात्री शिकवलेली. बाहेर तिसरे पडले. "शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा एक दिवा आहे. माझ्या वडिलांनी दिलेला. पंचेचाळीस वर्षं झाली. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

मागे हिने कपाळाला हात लावल्याचा आवाज मला ऐकू आला.

मुलगा काही बोलला नाही. त्याने वायरमनला सप्लाय बंद करायला लावला आणि तार भोकातून ओढून काढायला सांगितले. तार निघाली. तिच्यावरचे रबर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे गळून पडले. आत तांबे उघडे, हिरवे पडलेले. तिला फ्यूज नव्हता, अर्थिंग नव्हते. आक्काची खोली मातीची, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि त्या भिंतीला टेकून ती रोज माळ ओढत बसते.

"हे बघा काका," तो शांतपणे म्हणाला. "चांगल्या मनानंच दिली असणार. पण चांगल्या मनाला शॉक लागत नाही असं नाही ना."

मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. कालपर्यंत माझ्या डोक्यात वाद असा होता, की कायदा एका बाजूला आणि दया दुसऱ्या बाजूला. आता कळले, की कायद्यालाही म्हातारीची काळजी होती, फक्त ती त्याला कलमात सांगावी लागते. तात्यांनी दिवा दिला हे बरोबरच होते. चूक झाली ती आमची. आम्ही तो दिल्यावर पुन्हा कधी पाहिला नाही. दया एकदा करून भिंतीत बुजवून ठेवायची वस्तू नव्हे. तिचेही रबर झिजते. तिलाही फ्यूज लागतो.

"आजींच्या नावाने नवीन कनेक्शनचा अर्ज करा," तो म्हणाला. "घराचा उतारा आहे ना ग्रामपंचायतीचा? आणि ही तार पुन्हा आत जाता कामा नये." त्याने कागदावर आणखी काय लिहिले ते मी विचारले नाही. विचारायला तोंड नव्हते.

आक्काचा मीटर यायला अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत आमच्या घरात एक नवाच प्रश्न उपस्थित झाला. हिने पहिल्याच संध्याकाळी आमचा चार्जिंगचा कंदील भरून आक्काकडे नेऊन ठेवला. रोज सकाळी आणायचा, दिवसभर आमच्या सॉकेटला लावायचा, तिन्हीसांजेला पोचवायचा. म्हणजे पाहा, तीच वीज, त्याच मीटरची, त्याच म्हातारीला. तारेतून गेली तर कलम १२६, आणि कंदिलातून हातात धरून नेली तर शेजारधर्म! मी हा मुद्दा चिरंजिवांपुढे मांडला. त्यांनी फोनवर बराच वेळ शोधले आणि म्हणाले, "याला कलम नाही." कायद्याने जे मोकळे सोडले आहे ते नेमके स्वतः चालत जाऊन करायचे काम आहे. तारेने दया पाठवली, की माणूस घरात बसून राहतो आणि पंचेचाळीस वर्षे शेजारी फिरकत नाही. त्या अकरा दिवसांत ही आक्काकडे जितके बोलली तितके गेल्या अकरा वर्षांत बोलली नसेल. त्यातले निम्मे माझ्याविषयी होते हे मला नंतर कळले.

आमचा मीटर हलला. आता तो बाहेर फाटकापाशी नव्या पेटीत आहे, आणि सर्व्हिस वायर रस्त्यापलीकडच्या नव्या खांबावरून सरळ येते. आक्काच्या भिंतीशी आमचा संबंध उरला नाही. तिच्या दारावर तिच्या नावाचा मीटर लागला. तिने त्याला हळदकुंकू वाहिले. मी नारळ फोडला.

पहिले बिल आले तेव्हा ते घेऊन ती आमच्याकडे आली. "वाच."

मी तिचे नाव मोठ्याने वाचले. तिने ते दोनदा वाचायला लावले. आकड्यांत तिला रस नव्हता. आयुष्यात काळ्यावर पांढरे म्हणावे असे तिच्या नावाचे किती कागद आले असतील कोण जाणे. ते बिल भरल्यावर तिने देवाच्या शेजारी खिळ्याला अडकवले. मात्र तेव्हापासून ती नऊ वाजता दिवा मालवते. "त्यो तांबडा डोळा मिचकावतोय न्हवं, दर मिचकीला पैसा पडतोय," म्हणते. माझ्या मीटरवर ३२०० असा आकडा छापला आहे, म्हणजे तो डोळा ३२०० वेळा मिचकला की एक युनिट. हे मी तिला समजावून सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "मंग आमच्या वक्ताला तुमचा डोळा झाकला व्हता का रं?"

अजूनही महिन्याला मेथीची जुडी येते. एकदा मी म्हणालो, "आक्का, आता कशाला? आता दिव्याचा हिशेब मिटला."

"तुझ्या मेल्याचा हिशेब!" ती म्हणाली आणि जुडी हिच्या हातात देऊन गेली.

ओसरीची भिंत गेली, गाडी आत आली. मिस्त्रीने जाताना विचारले, "सायेब, मधल्या भिताडातलं त्ये भोक बुजवून टाकू का?" मी हो म्हणणार, एवढ्यात पलीकडून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या! बाईला च्याला हाक मारायला बरं पडतंय."

भोक राहिले आहे. रात्री नऊला आक्काने दिवा मालवला, की आमच्या ट्यूबचा रुपयाएवढा उजेड त्यातून तिच्या भिंतीवर पडतो. याला कलम आहे की नाही हे चिरंजिवांना मी मुद्दाम विचारलेले नाही.